झाकलेला नकाशा : टेबलावरच्या भूमिका-खेळातील लपवणे आणि उलगडणे



मे १७९१ मधल्या एका प्रसंगापासून सुरुवात करू. लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्च महिन्यात आधी बेंगळुरूची पेठ आणि मग किल्ला घेतला होता. १५ मे रोजी श्रीरंगपट्टणाजवळ अरकेरेच्या लढाईतही त्याची सरशी झाली. पण छावणीतले धान्य संपत आले होते आणि ओझ्याचे बैल मरत होते. वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावरेच उरली नाहीत, म्हणून त्याने त्या स्वतःच निकामी केल्या आणि बेंगळुरूची परतीची वाट धरली. माघार सुरू झाल्यावर समोर घोडेस्वार दिसले. शत्रू आला असे इंग्रजांना वाटले. प्रत्यक्षात ते मित्र होते : हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा. त्या इतक्या जवळ आल्याची बातमी इंग्रज छावणीत पोहोचलीच नव्हती, कारण टिपूच्या हलक्या घोडदळाने वाटा रोखून निरोप्यांना अडवले होते. उपाशी सैन्याला मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारातून धान्य मिळाले; पण तोफा तोवर गेल्या होत्या.

हा पाठ इतिहासाचा नाही, खेळाच्या समीक्षेचा आहे. तरी हा प्रसंग पाठभर आपल्यासोबत ठेवायचा आहे, कारण टेबलावरच्या भूमिका-खेळात नकाशा झाकतात तेव्हा असाच एक प्रसंग कृत्रिमपणे घडवण्याचा प्रयत्न असतो. पात्राला पुढचे दिसत नाही, आणि तरीही त्याला निर्णय घ्यावा लागतो. हा प्रयत्न केव्हा साधतो, केव्हा फसतो आणि केव्हा तो निव्वळ लबाडी ठरतो, ते आपण पाहणार आहोत.

१. खेळ कोणता, नकाशा कोणाचा

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो. एकजण मात्र पात्र घेत नाही; तो जग सांभाळतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. खेळाडू सांगतो, ‘मी दार ढकलतो’. सूत्रधार सांगतो, दारामागे काय आहे. निकाल अनिश्चित असेल तर फासा टाकायचा. बेंगळुरूत बोर्ड गेम कॅफेत, वसतिगृहाच्या खोल्यांत किंवा शनिवारी संध्याकाळी एखाद्या सदनिकेच्या हॉलमध्ये असा खेळ चाललेला दिसतो.

आपल्या नाटकातला सूत्रधार प्रेक्षकांसमोर येतो. या खेळातला सूत्रधार अनेकदा पुठ्ठ्याच्या घडीच्या पडद्याआड आपले कागद ठेवून बसतो. त्या पडद्यामुळे टेबलावर दोन नकाशे तयार होतात : एक सूत्रधाराचा, पूर्ण, दुसरा खेळाडूंचा, अपुरा. दोन नकाशांमधले अंतर खेळाडू कसे कमी करतात, यावर खेळाचा बराचसा रस अवलंबून असतो.

२. झाकण्याची परंपरा कुठून आली

आपल्याकडच्या पारंपरिक पट-खेळांत जागा झाकण्याची पद्धत दिसत नाही. परंपरा ज्याचे नाव ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट घ्या. शिडी कुठे आहे, साप कुठे आहे, हे पहिल्या क्षणापासून सगळ्यांना दिसते. सारीपाटात आणि बुद्धिबळातही पट उघडाच असतो. मोक्षपटात न कळणारी गोष्ट एकच : पुढचे दान. म्हणजे तिथे भविष्य झाकलेले आहे, भूगोल नाही.

भूगोल झाकण्याची रीत युद्धखेळातून आली. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेऑर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये वडिलांच्या खेळात सुधारणा करून ‘क्रीगस्पील’चे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन पक्षांच्या मध्ये पंच बसे. सैन्याची तुकडी विरुद्ध पक्षाच्या दृष्टीस पडेल तेव्हाच पंच तिचा ठोकळा नकाशावर मांडत असे. जमीन दोघांना ठाऊक होती. जमिनीवर कोण उभे आहे, हे झाकलेले होते. कॉर्नवॉलिसची अडचण नेमकी हीच होती.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. आता जमीनसुद्धा झाकली गेली. सूत्रधाराने खेळाआधी तळघरांचे मजले आलेखकागदावर आखून ठेवायचे आणि खेळताना फक्त शब्दांनी वर्णन करायचे. ते ऐकून खेळाडूंनी आपला नकाशा आपण काढायचा. त्या पहिल्या नियमपुस्तिकेतच नकाशा काढणाऱ्याला चकवण्याच्या युक्त्या सुचवलेल्या आहेत. उदाहरणार्थ, लक्षात येणार नाही इतक्या हळूहळू उतरत जाणारी वाट. खेळाडू समजतो आपण पहिल्या मजल्यावर आहोत. प्रत्यक्षात तो दुसऱ्यावर पोहोचलेला असतो.

यातून एक मुद्दा लक्षात ठेवू. राइसविट्झचा पंच आणि १९७४चा सूत्रधार या दोघांच्याही हातात खेळ सुरू होण्याआधी काहीतरी ठरलेले होते. झाकलेली वस्तू आधी अस्तित्वात होती.

३. तुलनेसाठी एक नमुना

पद्धतींची तुलना करायला एकच काल्पनिक खेळ घेऊ. पाच खेळाडू म्हणजे हरिपंत फडक्यांच्या छावणीतून निघालेले पाच जासूद. इंग्रज छावणीपर्यंत पत्र पोहोचवायचे आहे. मध्ये म्हैसूरचे घोडदळ फिरते आहे. वाटेत एका तळ्याचा बांध लागतो आणि बांधाच्या टोकाला दोन फाटे फुटतात. डावा फाटा लांबचा, उसाच्या मळ्यांतून जाणारा; उजवा जवळचा, काटेरी झुडपांतून जाणारा. सूत्रधाराच्या नकाशात उजव्या फाट्यावर शत्रूची चौकी आहे. पत्र आज रात्री पोहोचले तर तोफा वाचतील.

आता हा एकच फाटा चार पद्धतींनी खेळून पाहू.

४. चार पद्धती

(अ) कानाने काढलेला नकाशा. सूत्रधार फक्त बोलतो. खेळाडू ऐकून रेघा काढतात. या पद्धतीचा मोठा गुण असा की खेळाडूला विचारल्याशिवाय काहीच मिळत नाही. ‘उजव्या वाटेवर घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत का?’ हा प्रश्न कोणी विचारला तरच उत्तर आहे. जे पाहायचे ते खेळाडूने ठरवायचे असते.

दोषही तितकाच स्पष्ट आहे. वेळ फार जातो, आणि पुष्कळदा तो भूमितीच्या वादात जातो. शिवाय भाषेचा प्रश्न येतो. बेंगळुरूच्या एका टेबलावर कन्नड, मराठी, मल्याळी आणि हिंदी घरांतली मुले बसलेली असतात आणि मधली भाषा इंग्रजी असते. ‘बांध’ म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे शेताचा बांध येतो, तर कोणाच्या डोळ्यांपुढे तळ्याची रुंद पाळ. मग नकाशा चुकतो. पण ही चूक पात्राची नाही, खेळाडूची आहे. बांधावर उभ्या असलेल्या जासूदाला बांध दिसतोच आहे. दिसत नाही तो फक्त टेबलाशी बसलेल्या विद्यार्थ्याला. पात्राला जे दिसते ते खेळाडूपर्यंत न पोहोचणे, याला गूढ म्हणता येणार नाही. तो संवादातला दोष आहे. समीक्षा करताना हा भेद सोडू नये.

(आ) दोन छापील नकाशे. अमेरिकेतील ‘जजेस गिल्ड’ या प्रकाशनाने १९७६ मध्ये ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे काल्पनिक शहर प्रसिद्ध केले. त्यात सूत्रधारासाठी तपशीलवार नकाशा होता आणि खेळाडूंसाठी कमी तपशिलांचा वेगळा नकाशा. कल्पना साधी आहे, पण तिच्यामुळे खेळाडूंच्या हातातला नकाशा हीच कथेतली वस्तू बनते. तो कोणीतरी, केव्हातरी, कशासाठी तरी काढलेला असतो.

आपल्या नमुन्यात जासूदांना एका हरकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काढलेला कागद द्या. त्यात दोन्ही फाटे आहेत, चौकी नाही. आता खेळाडू विचार करू लागतात. दोन वर्षांत काय बदलले असेल? हा माणूस कोणत्या ऋतूत इथून गेला होता? त्याने उसाच्या मळ्यापाशी खूण का केली आहे? अपुरा नकाशा असा शंका घ्यायला शिकवतो. माझ्या मते चारही पद्धतींत ही सर्वांत सकस आहे. मात्र एक अट आहे. नकाशात चूक असेल तर ती ओळखण्याची निदान एक खूण खेळाडूंच्या आवाक्यात हवी. गावातल्या गुराख्याला विचारले तर तो चौकीबद्दल सांगेल, अशी सोय हवी. कोणत्याही प्रयत्नाने न सापडणारी चूक हा सापळा आहे. त्यात खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही.

(इ) कागदाचे तुकडे. मोठा नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर कोऱ्या कागदाचे तुकडे ठेवायचे आणि पात्रे पुढे सरकतील तसे ते उचलायचे. स्वस्त आणि सोपी पद्धत आहे. पुष्कळ गट हिनेच सुरुवात करतात. पण झाकणच बोलके असते. जिथे तुकडा आहे तिथे काहीतरी आहे, हे सगळ्यांना कळते. आपल्या नमुन्यात उजव्या फाट्यावर वेगळा तुकडा ठेवलेला दिसला, की खेळाडू डावीकडे वळणार. त्यांनी टापा पाहिल्या नाहीत, गुराख्याला विचारले नाही. त्यांनी कागद वाचला. पात्राला कळायला नको ते इथे खेळाडूला कळते. ‘अ’ पद्धतीतला दोष इथे उलटा झालेला आहे.

यावर एक जुना उपाय आहे. १९७८च्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या साहसकथेसोबत चित्रांची पुस्तिका होती. पात्रे विशिष्ट जागी पोहोचली की सूत्रधार ते ते चित्र दाखवत असे. त्यात वरून पाहिलेली आखणी नसते, समोर उभे राहून दिसणारे दृश्य असते. बांधावरून दिसणारे दोन फाटे असे चित्रातून दाखवले, तर भाषेची अडचण सुटते आणि चौकीही झाकलेली राहते.

(ई) संगणकाच्या पडद्यावरचे धुके. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘रोल२०’सारख्या मंचांवर नकाशा धुक्याने झाकता येतो. पुढे त्यात प्रकाशाची गणितेही आली : सोंगटी जिथे उभी असेल तिथून भिंतींच्या आड न जाणारे तेवढेच क्षेत्र उजळते. याचा गुण मान्य केला पाहिजे. प्रत्येक खेळाडूला वेगळे दृश्य दाखवणे कागदावर जवळजवळ अशक्य होते. राइसविट्झच्या पंचाला जे कष्टाने करावे लागे, ते इथे आपोआप होते. वेगवेगळ्या शहरांतल्या मित्रांना एकत्र खेळता येते, हा फायदाही लहान नाही.

पण या पद्धतीत उजेड चालण्याच्या मोबदल्यात मिळतो, विचारण्याच्या नाही. सोंगटी ओढली की धुके हटते. बेंगळुरूत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हा फरक चटकन कळेल. ‘अमुक मेन, तमुक क्रॉस’ असा पत्ता फोनवर टाकून आपण घर गाठतो, पण महिनाभरानंतरही त्या भागाची आखणी सांगता येत नाही. दोन कोपऱ्यांवर थांबून विचारत गेलेल्याला ती सांगता येते. पडद्यावरच्या धुक्यातून गेलेल्या खेळाडूंचेही तसेच होते. त्यांनी पूर्ण नकाशा पाहिलेला असतो, शोधलेला नसतो.

आणखी एक गोष्ट. हे धुके फक्त दृष्टीचे आहे. रात्रीच्या वाटेवर जासूदाला शत्रू आधी ऐकू येतो : घोड्याचे फुरफुरणे, लगामाचा आवाज. शेकोटीच्या धुराचा वास येतो. सूत्रधार हे तोंडी सांगू शकतो. मंच त्याला अडवत नाही. पण सगळ्यांचे डोळे उजळलेल्या वर्तुळावर खिळलेले असतात आणि सांगणे हळूहळू कमी होत जाते. दोष मंचापेक्षा आपल्या सवयीचा अधिक आहे, पण ती सवय मंचामुळे लागते, हेही खरे.

५. पडद्यामागची लबाडी

इथवर पद्धतींचे गुणदोष पाहिले. खरा प्रश्न यापुढचा आहे.

समजा, खेळाडूंनी गुराख्याला गाठले, चौकीचा सुगावा काढला आणि लांबची डावी वाट धरली. सूत्रधाराने चौकीचा प्रसंग मेहनतीने तयार केलेला आहे. पडद्यावरचा नकाशा आखण्यात त्याची आख्खी संध्याकाळ गेली आहे. ते सगळे वाया जाऊ नये म्हणून तो चौकी गुपचूप उचलून डाव्या फाट्यावर ठेवतो. नकाशा झाकलेला आहे, कोणाला कळणार? इंग्रजी खेळाडूंमध्ये या प्रकाराला ‘क्वांटम ओगर’ असे गमतीचे नाव आहे : कुठलीही वाट घ्या, राक्षस तिथेच भेटणार.

याच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. एक, खेळाडूंना कळले नाही तर त्यांचे नुकसान काय झाले? दोन, चांगला प्रसंग सगळ्यांना अनुभवायला मिळाला. तीन, सूत्रधाराचे कष्ट मर्यादित असतात. तो सगळ्या वाटा तयार करू शकत नाही.

पहिल्या युक्तिवादाचे उत्तर अनुभव देतो. असा गट एकदाच बसत नाही. तो आठवड्यामागून आठवडे भेटतो. वाट कोणतीही घेतली तरी तेच घडते, हे तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात येते. मग गुराख्याला विचारायचे कशाला? कागदावरच्या खुणेचा अर्थ लावायचा कशाला? खेळाडू प्रश्न विचारणे सोडतात आणि सूत्रधाराची तक्रार असते की आजकालच्या खेळाडूंना शोध घ्यायचाच नसतो.

दुसऱ्याचे उत्तर कॉर्नवॉलिसच्या तोफांत आहे. तो प्रसंग आपल्याला आजही चटका लावतो, कारण मराठी फौज खरोखर तिथे होती. एक जासूद निसटला असता तर निर्णय बदलला असता. उलट, तोफा निकामी झाल्यानंतर कोणीतरी ‘आता मराठे येऊ देत, रंगत येईल’ असे ठरवले असते, तर ती नाटकातली कलाटणी झाली असती. अडवलेल्या निरोपाला काही मोल उरले नसते. न कळण्याला वजन येते ते कळण्याजोगे काहीतरी खरोखर अस्तित्वात असते तेव्हाच.

तिसरा युक्तिवाद मात्र बराच खरा आहे, आणि त्यासाठी झाकलेला नकाशा व कोरा नकाशा यांत फरक करायला हवा. २०१२चा ‘डंजन वर्ल्ड’ हा खेळ सूत्रधाराला नकाशात मोकळ्या जागा सोडायला सांगतो. त्या खेळताना भरायच्या असतात. ॲव्हरी ऑल्डर यांच्या २०१३च्या ‘द क्वाएट इयर’मध्ये तर सगळे खेळाडू मिळून एकच नकाशा उघडपणे काढत जातात. इथे कोणी कोणाला फसवत नाही, कारण जागा कोरी आहे हे टेबलाला ठाऊक असते. कोऱ्या जागेला झाकलेली जागा म्हणून खपवणे, ही लबाडी. ऐनवेळी रचणे ही नाही.

म्हणून कष्ट वाचवायचे असतील तर प्रामाणिक मार्ग आहेत. चौकीची जागा आधी ठरवायची नसेल तर फासा टाकावा आणि टाकला हे सांगावे. ठरवायची असेल तर चिठ्ठीवर लिहून ती फाशांच्या वाटीखाली पालथी ठेवावी. निर्णय झाल्यावर चिठ्ठी तिथेच राहते; तिला पाय फुटत नाहीत. आणि साहस संपले की सूत्रधाराने आपला नकाशा टेबलावर उघडा ठेवावा. आपण कुठे वळलो, काय चुकले, काय थोडक्यात वाचले, हे खेळाडूंना त्या दिवशी प्रथम दिसते. हा शेवटचा उलगडा पुष्कळ गट टाळतात. मला तो आवश्यक वाटतो. पुढच्या वेळच्या झाकण्यावर खेळाडूंचा विश्वास त्यातूनच बसतो.

६. समारोप

झाकलेल्या नकाशाची समीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत. झाकलेले आधी ठरलेले होते का? ते शोधायला पात्रांच्या हाती वाट होती का, आणि त्या वाटेची काही किंमत मोजावी लागत होती का? जे उघड झाले त्याने पुढचा निर्णय बदलला का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तर आलेखकागद, छापील नकाशे, कागदी तुकडे किंवा पडद्यावरचे धुके यांपैकी काहीही वापरले तरी खेळ उभा राहतो. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सर्वांत सुंदर उजळणारा नकाशाही खेळाडूंना सांगत असतो की तुम्ही निवडलेल्या वाटेला अर्थ नाही.

विचारासाठी प्रश्न

१. मोक्षपट आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या दोन्हींत खेळाडूला काय ठाऊक नसते? त्या न कळण्यातून दोन्ही खेळ खेळाडूकडून कशाची अपेक्षा करतात?

२. ‘खेळाडूची चूक’ आणि ‘पात्राची चूक’ यांतील फरक तुमच्या टेबलावरच्या किंवा कल्पनेतल्या एका प्रसंगाने स्पष्ट करा.

३. जासूदांच्या नमुन्यासाठी खेळाडूंच्या हाती द्यायचा अपुरा नकाशा तयार करा. त्यात एक चूक ठेवा, आणि ती चूक ओळखता येईल अशा दोन खुणा कुठे ठेवाल ते लिहा.